आज्जींच्या गळ्यातली चांदीची डबी

पत्र

ताई, नमस्कार. मी सोलापुरात एका दवाखान्यात १९ वर्षं स्टाफ नर्स आहे. गेल्या महिन्यात ऑपरेशनसाठी एक आज्जी दाखल झाल्या. थिएटरमध्ये नेण्याआधी अंगावरचं सगळं काढायचं असतं. मी त्यांच्या बांगड्या, कुड्या काढल्या आणि गळ्यातली दोऱ्याची चांदीची डबीसुद्धा काढून त्याच प्लास्टिकच्या पिशवीत टाकली. गडबडीत ती पिशवी कॉटखाली चपलांपाशी राहिली. शुद्धीवर येताच आज्जींनी छाती चाचपली आणि म्हणाल्या, "माझा देव कुठं ठेवलास बाई?" संध्याकाळी पाणी द्यायला डॉक्टरांनी सांगितलं, पण देव गळ्यात येईपर्यंत त्यांनी घोट घेतला नाही. त्या लिंगायत होत्या. सोलापुरात जन्म काढून मला हे कळू नये?

त्याआधी एकदा एका आजोबांच्या शेवटच्या घटकेला मी गंगाजल घेऊन धावले, तर त्यांच्या मुलाने माझा हात अडवला. "आम्ही बौद्ध आहोत," म्हणाला. मी तर चांगल्या मनानेच गेले होते.

आता ठरवलंय, सहा महिन्यांत सगळ्या धर्मांची नीट माहिती करून घ्यायची. कुराणाचं मराठी भाषांतर आणलं. आमचं घर माळकरी. सासूबाई म्हणाल्या, हरिपाठ सोडून हे कशाला? खरं सांगते, मलाही मनातून भीती वाटते, माझीच श्रद्धा डळमळली तर? सुरुवात कुठून करू? आणि शेवटी सगळे धर्म एकच सांगतात ना, मग एवढा खटाटोप करायचा कशासाठी?

— एक सिस्टर, सोलापूर

उत्तर

प्रिय सिस्टर,

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते मला पटत नाही. 'सगळे धर्म एकच सांगतात' हे आपण फार चांगल्या भावनेने म्हणतो. भांडणं मिटवायला ते बरंही पडतं. पण तुमच्या वॉर्डात काय झालं ते बघा. देव सगळीकडे एकच, असं तुम्ही आधीही मानतच होता. तरी ती डबी चपलांपाशी गेली आणि गंगाजल नको त्या ओठांपर्यंत गेलं. माणसाला दुखतं ते जिथे त्याचा धर्म आपल्यापेक्षा वेगळा असतो नेमकं तिथेच. सारखेपणाची जागा शिकावी लागत नाही. दया करा, खोटं बोलू नका, आईबापांना सांभाळा, हे कुणाच्याही घरी सापडेल. शिकायचा असतो तो फरक. खटाटोप करायचा तो त्याच्यासाठी.

आता त्या डबीकडेच बघू.

डबी चांदीची असली तरी आज्जींचा देव चांदीचा नाही. आत काळं, गुळगुळीत, बोराएवढं किंवा थोडं मोठं इष्टलिंग असतं. ज्या दोऱ्यात ते गळ्यात घालतात त्याला शिवदारा म्हणतात. लिंगदीक्षा होते तेव्हा गुरू ते हातात देतो आणि मग ते आयुष्यभर अंगापासून दूर करायचं नसतं. मेल्यावरही नाही. लिंगायतांमध्ये देह बसवून पुरण्याची रीत आहे, आणि तेव्हाही लिंग सोबत असतं. पूजा करताना ते डाव्या तळहातावर ठेवायचं आणि त्याच्याकडे एकटक बघायचं. मध्ये पुजारी नाही, देऊळ नाही, मुहूर्त नाही. बाराव्या शतकात बसवण्णांनी, म्हणजे लिंगायत ज्यांना आपले प्रवर्तक मानतात त्या बसवेश्वरांनी, कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला (तुमच्याकडून हैदराबादच्या रस्त्याने जाताना आत वळलं की लागतं ते), जी माणसं गोळा केली त्यांत चांभार होते, धोबी होते, नावाडी होते, बायका होत्या. यांतल्या कितीतरी जणांना देवळाच्या पायरीशी थांबवलं गेलं असतं. तेव्हा देवच अंगावर आला. जिला कुणी गाभाऱ्यात घेतलं नसतं, तिच्या तळहाताचा गाभारा झाला.

आज्जींनी हे सगळं शब्दांत सांगितलं असतं असं नाही. पण छाती चाचपताना त्यांच्या हाताला जे लागलं नाही ते हे होतं. आपल्यासाठी देव देव्हाऱ्यात असतो, घरी असतो, दवाखान्यातून सुट्टी झाली की भेटतो. त्यांचा देव त्यांच्याबरोबर ऑपरेशनला यायचा होता.

आणि गंमत बघा, ज्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला तुम्ही लहानपणापासून जात असाल, त्यांनीही म्हणे आधी इष्टलिंग घेतलं नव्हतं. आत जाणीव असताना अंगावर खूण कशाला, असा त्यांचा सवाल होता, आणि कल्याणला चर्चा होऊन शेवटी त्यांनी बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून दीक्षा घेतली, अशी कथा परंपरेत सांगतात. सोलापूरच्या ग्रामदैवतालाही हा प्रश्न पडला होता. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं याची एवढी लाज धरू नका. नंदीध्वज डोळे भरून बघितले, अक्षता टाकल्या, पण सिद्धरामेश्वर वचनं रचणारे शरण, म्हणजे बसवण्णांच्या मेळ्यातले शिवभक्त होते, हे सोलापुरातल्या किती घरांत बोललं जातं? आपलं हे असंच होतं. दर्ग्यात जाऊन आपण नवस बोलतो, ऊदाचा अंगारा कपाळाला लावतो, पण नमाजात काय म्हणतात ते विचारत नाही. जाणं-येणं खूप आणि माहिती काहीच नाही.

कामाचंही सांगते. थिएटरमध्ये धातू चालत नाही हे तुमचं बरोबर आहे. पण अडचण बहुतेक वेळा डबीची असते, आतल्या लिंगाची नव्हे. आदल्या दिवशी वॉर्डात, घरचं माणूस जवळ असताना विचारा. डबी बाजूला ठेवून लिंग पांढऱ्या कापडात गुंडाळून दंडाला बांधलं तर चालेल का, हे रुग्णाला विचारा आणि भूलतज्ज्ञांनाही विचारा. ते नाही म्हणाले तर नाही. अशा वेळी आज्जींनी ते स्वतःच्या हाताने काढावं आणि स्वतःच्या हाताने लेकीच्या गळ्यात किंवा ओंजळीत द्यावं. तुम्ही हात लावू नये. दोन मिनिटांचं काम आहे, पण पिशवीत टाकणं आणि ओंजळीत देणं यांत केवढं अंतर आहे ते तुम्ही आता डोळ्यांनी पाहिलंय.

गंगाजलाबद्दल थोडं कठोर बोलणार आहे. तुमचं मन चांगलं होतं, याबद्दल मला शंका नाही. त्या मुलालाही नसावी. पण त्याच्या घराकडून तेच पाणी बघा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना बुद्धधम्माची दीक्षा दिली तेव्हा २२ प्रतिज्ञाही दिल्या. ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, असं त्यांत स्पष्ट आहे. ज्या आजोबांनी ऐन तरुणपणी ती प्रतिज्ञा उच्चारली असेल, त्यांच्या तोंडात अगदी शेवटच्या क्षणी गंगाजल घालणं म्हणजे त्यांनी आयुष्यभर पाळलेला शब्द त्यांचं भान हरपल्यावर आपण मोडणं. शिवाय पाणी ही त्या घरांत साधी गोष्ट नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला सत्याग्रह करावा लागला होता. मुलाने तुमचा हात अडवला तेव्हा तो तुमच्या चांगुलपणाला नाही म्हणत नव्हता. तो बापाची प्रतिज्ञा राखत होता. तुम्ही त्याच्या जागी असता आणि माळकरी सासऱ्यांच्या तोंडाशी कुणी मायेनेच मटणाचा रस्सा नेला असता, तर तुम्हीही हात धरला असता.

अशा घरी नातेवाइकांना त्रिशरण-पंचशील, ही बौद्धांची प्रार्थना, म्हणायची असते. त्यांना पडदा ओढून द्या, शेजारच्या कॉटवरचा मोबाइल बंद करायला सांगा आणि बाजूला व्हा. दुसऱ्याच्या धर्माबाबत नर्सच्या हातून होण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट बऱ्याचदा एवढीच असते: जागा करून देणं.

आता तुमचा सहा महिन्यांचा बेत. तो सोडून द्या. एका महिन्यात इस्लाम, पुढच्या महिन्यात जैन धर्म, असं परीक्षेसारखं करून हाती काय लागेल तर सणांची नावं आणि संस्थापकांची सनावळी. आणि मग होतो तो दुसरा घोटाळा, अर्ध्या माहितीचा. रमजानात रोजे धरणाऱ्या मधुमेहाच्या रुग्णाला आपली माणसं सांगतात, "अहो, तुमच्या कुराणातच आजाऱ्याला सूट दिलीय!" सूट आहे हे खरं. आजारी माणसाने आणि प्रवाशाने रोजे पुढे भरून काढावेत असं तिथे म्हटलंय. पण ते सांगणाऱ्या तुम्ही कोण? त्याने चाळीस वर्षं रोजे धरलेत, त्याला सूट माहीत नाही असं थोडंच आहे? त्याला ती घ्यायची नाही, आणि का नाही, हे विचारायला हवं. कदाचित घरात सगळे उपाशी असताना आपण एकट्याने जेवायचं त्याच्या जिवावर येत असेल. तुम्ही डॉक्टरांना विचारून गोळ्या सहेरी आणि इफ्तारच्या वेळेत बसतात का ते बघा. बसत नसतील तर साखर किती खाली जाईल, काय होईल, हे तुमच्या विद्येतलं स्पष्ट सांगा. धर्मातलं त्याला आणि त्याच्या मौलानांना ठरवू द्या.

म्हणून पुस्तकाच्या आधी माणूस. आणि माणसाला विचारायचं ते एका गोष्टीबद्दल, जी तुमच्या डोळ्यांसमोर आहे तिच्याबद्दल.

मी बार्शीच्या शाळेत होते तेव्हा माझी एक जैन मैत्रीण होती. त्यांच्या वाड्यात आड होता. तिची आजी कळशीच्या तोंडावर दुहेरी कापड धरून पाणी गाळायची, हे मी रोज बघायचे. पाणी गाळून घेणं आमच्याकडेही होतं, त्यात नवल नव्हतं. एकदा मी शेवटपर्यंत थांबले. सगळं पाणी गाळून झाल्यावर आजीने ते फडकं उलटं केलं, त्यावर थोडं गाळलेलं पाणी ओतून फडक्यावरचं सगळं एका लहान भांड्यात धुऊन घेतलं, आणि ते भांडं दोरीने अगदी सावकाश, न हिंदकळता, आडात खाली सोडून पाण्याला टेकल्यावर कलतं केलं. मी विचारलं, वरूनच का नाही ओतलं? आजी म्हणाली, "एवढ्या उंचावरून पडले तर लागेल की त्यांना."

'त्यांना' म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना. आमच्या घरी पाणी गाळायचे ते आपल्या पोटात घाण जाऊ नये म्हणून. तिथे गाळायचे ते आपल्यामुळे कुणी मरू नये म्हणून. कापड तेच, कळशी तीच. अहिंसेवर मी नंतर बरंच वाचलं, पण जे वाचलं ते सगळं त्या दोरीला लटकवूनच माझ्या लक्षात राहिलंय. पुढे कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना, म्हणजे हळूहळू अन्नपाणी सोडून देह ठेवण्याचं व्रत, घेतल्याचं ऐकलं, तेव्हा मला ती आत्महत्या वाटली नाही, ती त्या आजीमुळे. ज्यांना थेंबातल्या जिवाला इजा करायची नाही, त्यांचं खाणंपिणं सोडत जाणं आपल्या उपोषणासारखं कुणावर दबाव आणायला नसतं. (सल्लेखनेचा, म्हणजे संथाऱ्याचा वाद कोर्टातही गेलाय. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१५ साली त्याला बेकायदा ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तुमच्या वॉर्डात असा प्रसंग आला तर तो एकटीने हाताळू नका, डॉक्टरांना आणि घरच्यांना एकत्र बसवा.)

विचारायचं कसं, हेही सांगते, कारण शब्दाशब्दांत फरक पडतो. आपल्याकडे सर्रास विचारतात, "तुमच्यात कसं असतं?" या 'तुमच्यात'ला जातीचा वास येतो. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की आपल्याला रेषेपलीकडे उभं केलंय. त्यापेक्षा "तुमच्या घरी कसं करतात?" असं विचारा. घराबद्दल कुणीही मोकळेपणाने बोलतं, आणि उत्तरही खरं मिळतं, कारण केसपेपरवरच्या धर्माच्या रकान्यावरून फार काही कळत नसतं. रकान्यात 'ख्रिश्चन' लिहिलेलं असतं, पण कॅथलिक घराला शेवटच्या आजारात तेल लावून प्रार्थना करायला फादर हवे असतात, आणि दुसऱ्या पंथाच्या घराला पाळकांची साधी प्रार्थना पुरते. 'मुस्लिम' या एका शब्दात सुन्नी आले, शिया आले, बोहरी आले. लिंगायतांतही रोज लिंगपूजा करणारे आहेत, आणि फक्त लग्नाकार्याला डबी बाहेर काढणारेही आहेत. आणि हो, "तुम्ही हिंदूच ना, की वेगळे?" हा प्रश्न लिंगायत माणसाला वॉर्डात विचारू नका. तो वाद त्यांच्यात त्यांचा चालू आहे, ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याचं उत्तर मागणं बरं नव्हे.

कुराण आणलंय ते ठेवा, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत सुटू नका. त्यातल्या सूरा, म्हणजे अध्याय, अवतरल्या त्या क्रमाने लावलेल्या नाहीत. सुरुवातीची सूरा फातिहा सात आयतांची, म्हणजे सात वचनांची, आणि तिच्यामागे साधारण लांबीप्रमाणे, मोठ्या आधी आणि लहान शेवटी. नवखा माणूस दुसऱ्याच सूरेत दमतो. फातिहा वाचा, कारण नमाजाच्या प्रत्येक रकातीत, म्हणजे प्रत्येक आवर्तनात, तीच म्हणतात, आणि मग शेवटच्या लहान लहान सूरा वाचा. त्यानंतर विनोबांचं 'कुराणसार' मिळवा. त्यात त्यांनी निवडक आयता विषयवार लावल्यात. ग्रंथ मात्र उंचावर, स्वच्छ जागी, कापडात ठेवा. शेजारच्या मुस्लिम बाईंनी तो जमिनीवर पडलेला पाहिला तर त्यांच्या काळजात चर्र होईल.

यावरून सासूबाईंची आठवण झाली. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांची भीती खोटी नाही, तुमची घडी विस्कटेल असं त्यांना वाटतं. म्हणून घडी विस्कटू देऊ नका. हरिपाठ नेहमीच्या वेळेला, एकादशी नेहमीसारखी. हा ग्रंथ कामासाठी आहे, तुमच्या वाचनाच्या वेळेतला आहे, हे त्यांना न बोलता दिसू द्या. आणि एखाद्या निवांत दुपारी त्यांना विचारा, नामदेवांची पायरी आपण पंढरपुरात चुकवतो, पाय पडू नये म्हणून. पण नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, माहीत आहे? पंजाबात घुमानला नामदेवांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात कुणी ग्रंथसाहिबापुढे माथा टेकतं तेव्हा त्यातल्या आपल्या नामयालाही टेकतं. मग श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची गोष्ट सांगा. जन्माने मुसलमान, मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, आणि वारकऱ्यांनी त्यांना संत मानलं. माळकरी सासूबाईंना यातलं काही तुमच्यापेक्षा जास्तच माहीत असेल. त्या बोलायला लागल्या की तुम्ही फक्त ऐका.

राहिली तुमची स्वतःची भीती. इथे मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. श्रद्धा बदलू शकते. विनोबा अरबी शिकले, कुराण मुळातून वाचलं, आणि 'गीताई'चे विनोबाच राहिले. पण गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी मराठीतलं एक लहानसं बुद्धचरित्र वाचून असे झपाटले की १८९९ साली घर सोडून निघाले, १९०२ मध्ये सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचले, श्रामणेर म्हणजे नवदीक्षित बौद्ध साधू झाले, पाली शिकले, आणि जन्मभर बुद्धाचे झाले. दोघेही शिकायलाच निघाले होते. कुणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही. पण एकोणीस वर्षं रात्रपाळीत माणसं जाताना बघितलेल्या बाईची श्रद्धा शेजाऱ्याच्या प्रार्थनेचा अर्थ कळल्याने मोडेल, असं मला वाटत नाही. आणि कुठे एखादी वीट हललीच, तर ती आधीपासून सैल होती. तीही बघून घ्यायला हवी.

एक प्रसंग तुमच्यासाठी राखून ठेवला होता. २०२१ च्या कोविडच्या लाटेत केरळमधल्या पट्टांबीला एक मुस्लिम रुग्ण व्हेंटिलेटरवर होत्या. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. शेवट आलाय हे दिसल्यावर तिथल्या हिंदू डॉक्टर बाईंनी त्यांच्या कानाशी वाकून हळूच कलमा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेचं वचन, म्हटला. त्या दुबईत लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या, ते शब्द त्यांच्या कानांवरून गेलेले होते. कुठल्या अभ्यासक्रमात नव्हे, शेजारीपाजारी. तुमच्यावर अशी वेळ आली आणि घरच्यांनी फोनवर सांगितलं, तर तुम्हीही म्हणा. घरच्यांना फोन जोडून मोबाइल कानाशी धरता आला तर ते आणखी बरं. पण कुणी सांगितल्याशिवाय, नुसतं नाव वाचून, काही म्हणू नका. गंगाजलाचा प्रसंग एकदा झालाय.

आणि त्या आज्जी. टाके काढायला किंवा तपासणीला त्या परत येतीलच. लेकीचा नंबर फाइलवर असेल, पण तो काढून फोन करू नका. त्या समोर येतील तेव्हाच बोला. "शरणू शरणार्थी" म्हणा, लिंगायतांत नमस्कार असा करतात. मग सरळ सांगा, "आज्जी, त्या दिवशी मला माहीत नव्हतं, माझं चुकलं." कारणं नकोत, थिएटरची गडबड नको, स्टाफ कमी होता वगैरे नको. आणि वेळ असेल तर शेजारी बसून विचारा, तुमच्या घरी पूजा कशी करतात, तुम्हाला दीक्षा कुणी दिली, तेव्हा तुम्ही केवढ्या होता. दोरा सोडून त्यांनी डबी उघडून दाखवली तर डोळे भरून बघा. हात पुढे करू नका.